कात्राबाईच्या अलीकडचा झिरा

मार्च संपत आला की भंडारदऱ्याहून रतनवाडीकडे जाताना जलाशयाची हाडं दिसायला लागतात. काठाला तडकलेल्या गाळाचा रुंद पट्टा आणि त्याच्या पलीकडे उरलेलं निळं पाणी. १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाने अडवलेलं हे प्रवरेचं पाणी पुढे कालव्यांतून संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजूला जातं आणि तिथल्या उसाला मिळतं. लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही याच नदीच्या नावाने. आणि नदी जिथे उगम पावते त्या डोंगरातल्या वाड्यांवर शिमगा झाला की बायका हंडे घेऊन लांबच्या विहिरीची वाट धरतात. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा पाऊस कमी पडतो असं म्हणायला जागा नाही. तो इथे थांबत नाही, एवढंच.

आमचा बेत रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा होता. ही डोंगरयात्रा बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत करतात, ते शहाणे. मला मात्र गडांवरची पाण्याची टाकी उन्हाळ्यात पाहायची होती. पावसाळ्यात खडकातला कुठलाही खळगा टाकं असल्याचा आव आणतो. खरं टाकं कोणतं, ते उन्हाळाच सांगतो.

पाण्याच्या बाबतीत लिटरला किलो हा हिशेब ठरलेला, त्यात घासाघीस चालत नाही. तंबू हलका मिळतो, झोपायची पिशवी पिसांची मिळते, भांडीसुद्धा टायटॅनियमची मिळतात, पण हलकं पाणी अजून कुणी विकायला काढलेलं नाही. उन्हात चढणाऱ्या माणसाला दिवसाला चार-पाच लिटर सहज लागतं. वर संध्याकाळचा चहा, खिचडी आणि सकाळचा चहा धरला तर माणशी आणखी दीड-दोन लिटर. पुढचं पाणी कुठे आहे हे ठाऊक नसेल तर एवढं सगळं पाठीवर घ्यायचं, ठाऊक असेल तर दोन लिटरवर निघायचं. आम्हा चौघांच्या पाठीवरचं हे ओझं ज्यांनी उतरवलं ते कुमशेतचे मामा रतनवाडीत आमची वाट बघत बसले होते. साठीच्या आसपासचे, महादेव कोळी समाजातले. खांद्यावर गोधडी, हातात कोयता.

‘‘मामा, तुमची पाण्याची बाटली?’’

‘‘पानी वाटंला हाय की. मी कशाला वाहू?’’

एवढं बोलून ते चालायला लागले.

अमृतेश्वराचं देऊळ आणि त्याची देखणी पुष्करणी यांच्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, म्हणून इथे नुसता नमस्कार. देवळामागून वाट प्रवरेच्या कोरड्या पात्रातून जाते. या नदीला पावसाळ्यात ओलांडायचं तर दोर लागतो. आता पात्रात नुसते धोंडे होते आणि मधूनच एखादा डोह, वर पाचोळ्याची साय धरलेला. आमच्यातल्या एकाने तिथेच बाटली भरायला घेतली. मामांनी मान हलवली. ‘‘ढोरं बसत्यात हितं. वर चांगलं हाय.’’

वर म्हणजे रतनगडाच्या शिड्या चढून, गणेश दरवाजातून आत गेल्यावर. रत्नादेवीच्या गुहेच्या आसपास आणि पुढे नेढ्याच्या वाटेवर खडकात खोदलेली टाकी आहेत. त्यांतली काही गाळाने भरलेली आणि काही चक्क कोरडी होती. एकात मात्र हात घातला तर मनगटापर्यंत गारवा चढला. डोक्यावर ऊन रणरणत होतं, आजूबाजूचं गवत पिवळंठक्क पडलं होतं, आणि १२९७ मीटर उंचीवरच्या त्या दगडात हे पाणी मजेत होतं.

याचं कारण डोंगराच्या पोटात आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकांतला एक थर घट्ट, तर दुसरा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. घट्ट थरालाही थंड होताना उभ्या भेगा पडलेल्या असतात. दोन थरांच्या मधे कुठे कुठे भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरून भेगांतून झिरपत आलेलं पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडाशी पाझरतं. उन्हाळ्यात एखाद्या काळ्या कड्यावर आडवी हिरवी रेघ दिसते ना, नेच्यांची आणि शेवाळाची, ती याचीच. जुन्या पाथरवटांनी भूशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण त्यांनी छिन्नी नेमकी कुठे लावली हे पाहिलं तर त्यांना ही रेघ वाचता येत होती यात शंका राहत नाही. शिवाय टाकं खोदताना निघालेला दगड तटाच्या कामी यायचा. एका घावात दोन कामं.

ही विद्या किल्ल्यांच्याही आधीची. नाणेघाटात सातवाहनकाळातल्या लेण्याजवळ टाकी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत टाकं खोदवून दान दिल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे वाटसरूला पाणी देणं हे दगडात कोरून ठेवण्याइतकं पुण्य मानलं जात होतं. काही ठिकाणी टाकं खडकाच्या आत सरकवून वरचं छत दगडी खांबांवर तोलून धरलेलं असतं. अशा खांबटाक्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि शेवाळही फारसं धरत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधायच्या आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असं सांगितलं आहे. त्यांचं पुढचं बजावणं मला जास्त आवडतं: गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, तेव्हा दोन-चार टाकी राखून ठेवावीत आणि त्यांतलं पाणी खर्चू नये. लढाईचा अनुभव असलेल्या माणसाचं वाक्य आहे हे. आम्हीही त्या रात्री एक बाटली ‘राखीव’ म्हणून बाजूला ठेवली आणि तिला अमात्य म्हणायला लागलो. ‘अमात्यांना हात लावू नका रे’ हे पुढे सगळ्या वाटचालीचं पालुपद झालं.

टाक्यातलं पाणी गार होतं, नितळ होतं, पण ते पिण्यासारखं होतं का? इथे मामांची आणि आमची मतं वेगळी पडली. पाण्यात बारीक किडे वळवळत होते. मामा म्हणाले, ‘‘जित्राप जितं हाय म्हंजी पानी चांगलं.’’ यात तथ्य आहे. पाणी विषारी असतं तर किडे जगले नसते. पण जिथे किडा जगतो तिथे जंतूही जगतो. गडावर माकडं आहेत, उंदीर आहेत, गुहांत वटवाघळं आहेत. नितळपणा डोळ्यांना दिसतो, बाकीचं दिसत नाही.

म्हणून आधी गाळणं. माझ्या सामानात आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा कायम असतो. मित्र हसतात, त्यांना मी बांगलादेशातला एक अभ्यास सांगतो. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावांमध्ये बायकांना जुन्या साडीच्या अनेक घड्या करून पाणी गाळायला शिकवलं, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतो आणि ते जीव कापडात अडकतात. धुऊन धुऊन धागे फुगलेलं जुनं कापड नव्यापेक्षा चांगलं गाळतं. आपल्याकडे नारू हटवतानाही हेच करायला लावलं होतं. पायाच्या कातडीतून हातभर लांब कृमी काडीला गुंडाळत बाहेर काढलेली माणसं आमच्या आजीच्या पिढीने पाहिली. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात घडी घातलेल्या फडक्याचा वाटा मोठा.

कापडानंतर पोकळ तंतूंचं छोटं फिल्टर. त्याची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढी, त्यामुळे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडकतात. विषाणू मात्र सुटतात. त्यांच्यासाठी क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून क्रम बदलून चालत नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय उकळण्याचा. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे, दहा-दहा मिनिटं भांडं आदळत बसायची गरज नाही. गडावर पाणी शंभराच्या आधीच, पंचाण्णव अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू मारायला तेवढं भरपूर झालं. अडचण इंधनाची आहे. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तिथे लाकूड तोडून चूल पेटवणं मला पटत नाही आणि लहान स्टोव्हवर एक लिटर उकळायला पंधरा-वीस ग्रॅम गॅस जातो. दोन वेळच्या जेवणाचा गॅस वाचवून चौघांचं पिण्याचं पाणी उकळणं जमत नाही. म्हणून चहा-खिचडीचं पाणी उकळलेलं आणि पिण्याचं गाळून, थेंब टाकून, असा आमचा रिवाज.

क्लोरीनचा वासही येतो थोडा. चिमूटभर आमसुलाची पूड टाकली की जातो, पण अर्धा तास उलटल्यावरच टाकायची. आधी टाकली तर क्लोरीनचं काम अर्ध्यात राहतं.

जेवणात पाणी वाचवायला घरूनच तयारी लागते. तांदूळ-डाळ धुऊन वाळवून आणलेले होते. भाकऱ्या मामांनी बांधून आणलेल्या. भांडी आधी भाकरीच्या तुकड्याने पुसायची, तो तुकडा खायचा, मग मूठभर कोरड्या मातीने घासायची आणि वाटीभर पाण्यात विसळायची. हे सगळं टाक्यापासून लांब. टाक्याच्या काठावर साबण लावणाऱ्या माणसाला मी एकदाच नम्रपणे सांगतो, दुसऱ्यांदा नम्रपणा उरत नाही. आणि परसाकडेला जायचं ते पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर, उताराचा विचार करून. रतनगडावर ही गोष्ट ज्यांच्या लक्षात राहिली नव्हती त्यांच्या खुणा पाहून मामांची ‘‘वर चांगलं हाय’’ ही ग्वाही आणखी किती वर्षं टिकेल असं मनात आलं.

दुसऱ्या दिवसाची चाल कात्राबाईच्या खिंडीची. पहाटे निघताना मामांनी प्रत्येकाला टाक्यापाशी पोटभर पाणी प्यायला लावलं, तहान नसतानाही. पोटातलं पाणी वाहायला सोपं, खांद्याला पट्टा काचत नाही. रतनगड उतरून वाट जंगलात शिरली तेव्हा बरं वाटलं, पण चढ लागला तसं झाडीतलं वारं थांबलं. पाचोळा इतका कोरडा की सरडा पळाला तरी ससा पळाल्यासारखं वाटावं. नकाशावर दाखवलेले दोन ओढे आम्ही ओलांडले. दोन्हींत नुसते दगड. हातातल्या मोबाइलवर त्या रेघा अजून निळ्याच होत्या.

खिंडीच्या अलीकडे तिसरा ओढा आला, तोही तसाच ठणठणीत. मामा मात्र थांबले. पात्रात खाली-वर बघितलं, एका वळणाशी गेले, जिथे मोठ्या धोंड्याच्या पोटाशी वाळू आणि खडी साचली होती. वर काठाला उंबर होता, हिरवागार. त्यांनी मूठभर वाळू उचलून दाबली, टाकली, कोयत्याच्या पाठीने उकरायला सुरुवात केली. कोपरभर खड्डा झाला तेव्हा वाळूचा रंग बदलला. आणखी थोडं उकरल्यावर तळाला चहासारखं पाणी जमायला लागलं.

‘‘ह्यो झिरा. आता घाई नाय करायची.’’

पहिलं पाणी त्यांनी वाटीने उपसून बाहेर फेकलं. आमच्यातल्या एकाच्या तोंडून हाय निघाली. दुसऱ्यांदा भरलं, तेही फेकलं. मग खड्ड्याच्या कडेला लहान गोटे रचले, म्हणजे वाळू ढासळू नये, आणि तंबाखू मळत बसले. तिसऱ्यांदा जे आलं ते स्वच्छ होतं. वाटी वाटीने भरत दोन बाटल्या व्हायला बराच वेळ लागला. एवढ्या वेळात मोबाइलमधल्या नकाशावर कुणी काही बोललं नाही.

ओढा वरून कोरडा पडला तरी वाळूच्या खाली पाणी चालत असतं. वळणाच्या ठिकाणी आणि आडव्या खडकाच्या वरच्या अंगाला ते अडून राहतं आणि येता येता वाळू त्याला गाळत येते. मामांनी जागा हेरली ती या हिशेबाने. झाडांची भाषाही मदतीला होती. उंबर, जांभूळ, करंज ही पाण्याची सोबत सोडत नाहीत. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागेल, असले त्याचे दाखले. मी मामांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दोन पुरुस खनायचं कुणी?’’

वराहमिहिराला हा प्रश्न कुणी विचारला होता की नाही कोण जाणे. बाकी जनावरांच्या पायवाटा एकमेकींना मिळत खाली जातात, मधमाश्या एका रेषेत ये-जा करतात, संध्याकाळी पारवे ठरावीक दरीत उतरतात, या खुणा खऱ्या आहेत. पण साहसी पुस्तकांतला तो खड्ड्यावर प्लॅस्टिक ताणून बाष्प धरायचा प्रयोग करायच्या फंदात पडू नये. खड्डा खणताना जेवढा घाम जातो तेवढं पाणीही दिवसभरात मिळत नाही.

झिऱ्याचं पाणीही आम्ही गाळून, थेंब टाकूनच प्यालो. मामा ओंजळीने प्याले आणि निघताना खड्ड्यावर फांदी आडवी टाकली. मागून येणाऱ्या गुराख्याला जागा कळावी म्हणून.

खिंडीत कात्राबाईला हात जोडून पलीकडे उतरलो. या बाजूचं पाणी मुळेचं. कुमशेतला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणांत हिरडा वाळत घातलेला. विहिरीवर पाच-सहा बायका होत्या, आणि पाणी इतकं खाली की पोहरा आपटल्याचा आवाज वर यायला क्षण जात होता. आमच्या सहा रिकाम्या बाटल्या हातात तशाच राहिल्या.

‘‘मावशी, बाटल्या भरून घेऊ का?’’

‘‘घ्या की. पन आमचं झाल्यावर.’’

सावलीत बसून मी हिशेब केला. एक हंडा धरला पंधरा लिटरचा. सुट्टीच्या दिवशी चाळीस जणांचा जथा येतो, प्रत्येकी तीन लिटर भरून घेतो, म्हणजे आठ हंडे. एका घराचं दोन दिवसांचं पाणी, आणि ते उपसून वर काढणारे हात बाईचे. शहरातून आलेला माणूस खाण्याचे पैसे देतो, वाटाड्याचे देतो, पाणी मात्र फुकट धरून चालतो. पैसे पुढे केले तर मावशी घेणार नाहीत हे उघड होतं. त्यांचं झाल्यावर आम्ही दोघांनी पोहरा हातात घेतला आणि मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांचे हंडेही भरून दिले. पोहरा ओढायची आमची तऱ्हा बघून विहिरीवर जी हसाहस झाली ती वेगळी.

पाचनईवरून हरिश्चंद्रगडाची वाट म्हणजे प्रचंड कातळभिंतीच्या कडेकडेने चढ. पावसाळ्यात मंगळगंगा इथे धो धो वाहते, आता तिच्या डोहांत चुळकाभर पाणी. वर मात्र सुट्टीची गर्दी होती. केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवतीच्या बर्फगार पाण्यात पोरं किंचाळत प्रदक्षिणा घालत होती. सप्ततीर्थ पुष्करणीचं पाणी हिरवं, काठाला प्लॅस्टिकची पाकिटं. ते प्यायची कुणाला इच्छा होऊ नये. पिण्याचं पाणी देवळाच्या आवारातल्या लेण्यांमधल्या टाक्यांत. सावलीतलं, गार, आणि अजून तरी जपलेलं.

तिथे चहाची झोपडी चालवणारा पाचनईचा एक तरुण कॅन भरत होता. टाक्यात पाय घालू नका, बाटली थेट बुडवू नका, हे येणाऱ्या प्रत्येक टोळक्याला सांगून त्याचा घसा बसला होता. त्याने दोरी बांधलेला एक डबा ठेवला होता, पाणी काढायचं ते त्याच्यानेच. मामांची आणि त्याची सोयरीक निघाली, मग चहाचे पैसे घेण्यावरून थोडी झटापट झाली.

मी टाक्यांबद्दल खोदून खोदून विचारतोय हे बघून तो म्हणाला, ‘‘दादा, तुम्हाला एवढं येड हाय ना, मग मे महिन्यात या. पाऊस पडायच्या आत टाक्यातला गाळ काढायचाय. चार-पाच मानसं लागत्यात.’’

‘‘येतो की,’’ मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. ‘‘या. पन घमेली आनि फावडी तुमची तुम्ही आना. मागच्या टायमाला आलेली मानसं नुसते मोबाइल घेऊन आल्ती.’’